साळवे सरांचे दोन्ही हात

साळवे सरांच्या शोकसभेत सूत्रसंचालकाने सवयीने सांगून टाकलं, "यानंतर प्राचार्य महोदयांचं आपण टाळ्यांच्या गजरात स्वागत करू या." बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण तोवर पुढच्या दोन रांगा वाजवायला लागल्या होत्या. नाशिकच्या सभागृहांत नेमाने बसणाऱ्यांच्या हातांना ही आज्ञा डोक्याला न विचारता पोहोचते. टाळ्या विरल्या, कुणीतरी खोकलं, आणि प्राचार्य दुःखी चेहऱ्याने माइकपाशी आले.

शोकसभा हा एकच कार्यक्रम असा, की जिथे सर हात मोकळे सोडून बसायचे. बाकी सगळीकडे त्यांच्या डाव्या हातात छत्री आणि उजव्या हातात थर्मासची पिशवी असे. जानेवारीतही छत्री. सोसायटीतल्या मुलांचा बक्षीस समारंभ असो, कॉलेजातलं चर्चासत्र असो की कुणाच्या एकसष्टीचा सोहळा, सभागृह टाळ्यांनी दुमदुमायचं आणि सर छत्री-थर्मास सांभाळत ताठ बसलेले असायचे. जवळ बसलेल्याने "द्या, मी धरतो" म्हटलं तर म्हणायचे, "राहू द्या, सवय आहे."

मी त्यांच्याच कॉलेजात इतिहास शिकवायचो आणि त्यांच्याच इमारतीत एक मजला खाली राहायचो. ते इंग्रजीचे. त्यांच्या न वाजणाऱ्या हातांचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला होता. माणसाला लॅटिन येतं, तेव्हा आपल्यासारख्यांच्या सत्काराला टाळ्या वाजवणं त्याला कमीपणाचं वाटत असणार. मला स्वतःला समारंभांचा तिटकारा असल्यामुळे हा अर्थ आवडलाही होता. मी मात्र टाळ्या वाजवायचो.

लॅटिन त्यांना सेमिनरीत मिळालं. इग्नेशियस साळवे पाद्री व्हायला गेले आणि तिसऱ्या वर्षी परत आले. का, असं विचारलं की म्हणायचे, "वाचायला गेलो होतो, ते बोलायला लावायला लागले." परतताना लॅटिन तेवढं बरोबर आणलं. नाशकात त्याचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला, आणि त्यांनी उत्तर म्हणून लॅटिन-मराठी कोश करायला घेतला.

कोशाची त्यांची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. एकेक शब्द एकेका कार्डावर. कार्डं निमंत्रणपत्रिकांच्या कोऱ्या पाठीमागून कापलेली, कारण या गावात दुसऱ्या कशाचा तुटवडा पडेल, निमंत्रणपत्रिकांचा पडणार नाही. ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. शब्द, अर्थ, आणि खाली 'उपयोग'. उपयोगाचं वाक्य ग्रंथातून घ्यायचं नाही, मनाने रचायचं नाही. ते कुणीतरी खरोखर बोललेलं असलं पाहिजे. सर सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, भाजीबाजारात, कचेऱ्यांच्या बाकांवर तासन् तास बसून वाक्यं गोळा करायचे. त्यामुळे 'फुजेरे' म्हणजे पळणे, या शब्दाखाली 'सिन्नरची लागली, पळ' (सीबीएस, फलाटावर एक बाई नवऱ्याला). 'एक्सपेक्तारे', वाट पाहणे, याखाली 'साहेब जेवायला गेलेत' (एक सरकारी कचेरी, सलग तीन दिवस). 'ताचेरे', गप्प राहणे, याखाली 'आपल्याला काय करायचंय' (प्राध्यापकांची खोली).

एकदा मी विचारलं, "सर, एखाद्या शब्दाचं वाक्य ऐकायला मिळालंच नाही तर?"

"मिळतं," ते म्हणाले. "माणसं सगळं बोलतात. आपण तिथे नसतो, एवढंच."

आता कांद्यांबद्दल सांगायला हवं. दर मे महिन्यात नामपूरहून एका टेम्पोतून सरांकडे उन्हाळी कांद्याचं एक पोतं यायचं. पाठवणारे अहिरे नावाचे त्यांचे जुने सहकारी. पूर्वी आमच्याच कॉलेजात गणित शिकवायचे, माझ्या येण्याच्या कितीतरी आधी सोडून गावच्या शाळेत गेले, शेती बघू लागले. पोत्याला सुतळीने बांधलेली एक चिठ्ठी असायची: 'भाऊ, औंदाचा माल बरा शे.' पोतं आलं की सर ते जिन्याच्या खाली उघडायचे आणि इमारतीच्या अठरा घरांना तागडीने मोजल्यासारखे सारखे वाटून टाकायचे. स्वतःला एकही नाही. आमच्या इमारतीत समज असा होता, की सर कांदा खात नाहीत. खालच्या मजल्यावरचे जोशी तर अभिमानाने सांगायचे, की साळवे ख्रिस्ती असून चातुर्मास पाळतात, बाराही महिने.

एका मे महिन्यात, पोतं वाटून चार दिवस झाले असतील, मला सर भाजीबाजारात दिसले. कांदे निवडत होते. दोन किलो घेतले. मला पाहून ते लाजले नाहीत की दचकले नाहीत. म्हणाले, "हे विंचूरकडचे आहेत," आणि पिशवी उचलून चालू लागले. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "विद्वान माणूस, असायचाच." आम्ही नामपूरचे कांदे वीस-बावीस वर्षं खाल्ले.

सर निवृत्त झाल्यानंतर त्यांचा एक माजी विद्यार्थी, ज्याचा छापखाना होता, कोश छापायला तयार झाला. तीनशे प्रती. मुद्रितं तपासायला सरांनी मला घेतलं, कारण त्यांच्या एका डोळ्याला कमी दिसू लागलं होतं आणि मला लॅटिन येत नसल्यामुळे मी त्यात काही सुधारणा सुचवण्याचा धोका नव्हता. दुपारी त्यांच्या गॅलरीत बसायचं, मी वाचायचं, त्यांनी कार्डाशी ताडून पाहायचं. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी सुशीलाबाई, मध्ये चहा द्यायच्या.

तिथे मला ते आढळलं. कोशातल्या प्रत्येक शब्दाखाली उपयोग होता, एका शब्दाखाली नव्हता. 'एक्सप्लोदेरे'. अर्थ दिला होता, 'उपयोग' हा शब्दही छापला होता, आणि पुढे कोरं. मला वाटलं, जुळणी करताना राहून गेलं.

"राहिलेलं नाही," सर म्हणाले. "कार्डही तसंच आहे."

त्यांनी डबा उघडून कार्ड दाखवलं. कडा पिवळ्या पडलेल्या, शाई फिकी. पाठीमागे अर्धवट कापलेलं 'सस्नेह निमंत्रण'.

मी म्हटलं, एवढा काय अवघड शब्द आहे? तर त्यांनी आधी त्याचं मूळ सांगितलं. मूळ क्रियापद 'प्लाउदेरे'. दोन सपाट वस्तू एकमेकांवर आपटणं, सुरुवातीला एवढंच. पक्ष्याने पंख फडफडवले तरी हेच क्रियापद, नाचताना पाय जमिनीवर आपटले तरी हेच. हातावर हात आपटला, की टाळी. त्यात वाहवा नंतर आली. रोमन लोकांच्या नाटकाच्या शेवटी नट पुढे येऊन प्रेक्षकांना सरळ म्हणायचा, वाजवा. "मागून घ्यायचे," सर म्हणाले. "आपणही मागूनच घेतो. फक्त त्यासाठी वेगळा माणूस नेमतो." आणि याच क्रियापदाच्या आधी 'बाहेर' अर्थाचा उपसर्ग लावला, की 'एक्सप्लोदेरे'. टाळ्या वाजवून नटाला रंगमंचावरून हुसकावून लावणं. इंग्रजीत जाऊन त्याचा पुढे स्फोट झाला, पण मुळात कुठे दारू नाही, काही नाही. नुसते हात.

"म्हणजे गॅदरिंगला पोरं वक्त्याला खाली बसवतात तेच की," मी म्हटलं. "याला वाक्य मिळालं नाही तुम्हाला? दरवर्षी ऐकतो आपण."

सर कार्ड हातात धरून बसले. मग आत वहिनींच्या भांड्यांचा आवाज येतोय याची खात्री करून घेतली आणि आवाज न चढवता, जणू मुद्रितंच वाचून दाखवताहेत अशा सुरात, सांगितलं.

ते नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं. कायम झालेले नव्हते. अहिरे गणित शिकवायचे आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीत कुठूनतरी गटाराचं पाणी मिसळत होतं, मुलांना कावीळ होत होती. अहिऱ्यांनी सहा महिने अर्ज केले. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब त्या सुमारास निवडणुकीला उभे राहणार होते आणि वसतिगृहाला त्यांच्या वडिलांचं नाव होतं. स्नेहसंमेलनात रेक्टरने पाच मिनिटांत वसतिगृहाचा अहवाल वाचायचा प्रघात. अहिरे उभे राहिले, खिशातून कागद काढला आणि म्हणाले, अहवाल म्हणजे एवढाच. आणि आजारी मुलांची नावं वाचायला लागले. नाव, गाव, कधीपासून आजारी. दादासाहेब व्यासपीठावर फेटा बांधून बसले होते.

सर दुसऱ्या रांगेत होते, मागे सगळी मुलं. उपप्राचार्यांकडून एक चिठ्ठी हातोहात त्यांच्यापर्यंत आली. 'टाळ्या सुरू करा.'

"मी केल्या," सर म्हणाले.

मुलांना कारण लागत नाही. त्यांना वाटलं, रटाळ भाषण आहे, सरच बसवताहेत. त्यांनी ठेका धरला. अहिऱ्यांचा आवाज आधी चढला, मग ऐकूच येईनासा झाला. ओठ तेवढे हलत होते. यादीत एकोणीस नावं होती. चौदा झाली. मग त्यांनी कागदाची घडी केली, नमस्कार केला आणि खाली उतरले. राहिलेल्या पाचांतला एक मुलगा सुटीनंतर परत आला नाही. तो का आला नाही, हे कॉलेजात कुणी विचारलं नाही. सर पुढच्या महिन्यात कायम झाले. अहिऱ्यांनी वर्षअखेरीस राजीनामा दिला.

"मग कांदे?" मी विचारलं.

"ते उतरून मांडवाच्या मागे गेले, तेव्हा मी त्यांना पेलाभर पाणी नेऊन दिलं. मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी त्यावरून ठरवलं, की मी वाजवल्या नसणार."

अडतीस वर्षं तो समज तसाच होता. अहिरे प्रत्येक पत्रात लिहायचे, त्या मांडवात एक माणूस होता. आणि सर त्या पत्रांना उत्तर द्यायचे. हवापाणी, तब्येत, पोतं पोहोचलं.

मी म्हटलं, सांगून टाका. वर इतिहासाच्या माणसाला शोभेल असं काहीतरी बोललो, की एवढ्या काळानंतर त्याचं काय. सरांनी कार्ड डब्यात ठेवलं. म्हणाले, "वाक्य एकच आहे. ते आधी त्यांना ऐकवायला हवं. मग छापायचं." शब्द तसाच, उपयोगाविना छापायला गेला.

प्रकाशन समारंभ टाळण्याचा सरांनी प्रयत्न केला, पण नाशकात शाल न मिळता म्हातारं होणं सोपं नाही. संयोजक घरी आले. सरांच्या सहवासातल्या कुणा जुन्या स्नेह्याने दोन शब्द बोलावेत, असं ठरलं, आणि वहिनी चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "नामपूरचे अहिरे भावोजी आहेत ना. त्यांच्याइतकं कोण ओळखतं यांना?" वहिनींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. संयोजकांनी नाव लिहून घेतलं.

तो पंधरवडा सरांनी कसा काढला, ते मी पाहिलं. दोनदा नामपूरला जायला म्हणून निघाले. एकदा नामपूरच्या वाटेवरच्या सटाण्याच्या गाडीत बसून गाडी सुटायच्या आधी उतरले. दुसऱ्यांदा सीबीएसपर्यंतही गेले नाहीत. फोन करायचा म्हणाले, पण अहिऱ्यांना एका कानाने अजिबात ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याने कमी, आणि असली गोष्ट ओरडून सांगायची कशी?

रविवारी सकाळी समारंभ झाला. गर्दी बरी होती, कारण जेवण होतं. अहिरे उंच, काळेसावळे, पांढरी टोपी, बगलेत कापडी पिशवी. त्यांना थेट व्यासपीठावर नेऊन बसवलं. सूत्रसंचालकाने त्यांना 'कृषितज्ज्ञ' केलं, त्यांनी हाताने 'नाही' अशी खूण केली, टाळ्या झाल्या. मग ते बोलायला उभे राहिले. प्रमाण मराठीत सुरुवात केली आणि दोन मिनिटांत अहिराणीत उतरले. टाकीची गोष्ट सांगितली. यादीची सांगितली. दादासाहेबांचं नाव घेतलं नाही. ते वारून बरीच वर्षं झाली होती.

"सहाशे हात वाजत व्हतात," ते म्हणाले आणि सरांकडे बोट केलं. "हाऊ एकलाच माणूस शे, ज्यानी टाया नही वाजाड्यात."

सभागृहाने कडाडून टाळ्या वाजवल्या. सरांची छत्री आणि थर्मास संयोजकांनी व्यासपीठावर शोभत नाहीत म्हणून खालीच ठेवून घेतले होते. मांडीवर शाल होती, नारळ होता, आणि त्यांचे दोन्ही हात त्या नारळावर होते.

सरांची पाळी आली. ते माइकपाशी गेले आणि आभार वगैरे काही न मानता म्हणाले, "अहिऱ्यांची चूक होतेय. पहिली टाळी मी वाजवली होती."

लोक हसले. मग कुणीतरी टाळी दिली. सर पुन्हा म्हणाले, "मला चिठ्ठी आली होती. मी सुरू केल्या." आता टाळ्या वाढल्या. विनय म्हणजे काय ते प्रत्यक्ष पाहायला मिळतंय, असा आनंद पुढच्या रांगेतल्या चेहऱ्यांवर होता. सर हात वर करून थांबवू पाहत होते, तर ते अभिवादन समजून लोक उभे राहिले. सरांचे ओठ हलत होते. सूत्रसंचालकाने हलकेच माइक ओढून घेतला आणि थोर माणसं श्रेयही कशी नाकारतात त्यावर चार वाक्यं म्हटली. मी पाहिलं, अहिरेही उभे होते आणि हसत टाळ्या वाजवत होते. त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

सर खाली बसले.

जेवणाच्या वेळी अहिरे एका कोपऱ्यात खुर्चीवर ताट घेऊन बसले होते, मी त्यांना पाणी आणून देत होतो. सर आले. शाल, नारळ, काही नव्हतं, हात रिकामे. चांगल्या कानाच्या बाजूला वाकले आणि म्हणाले, "मी वर गंमत नव्हतो करत. त्या दिवशी पहिली टाळी माझी होती."

अहिऱ्यांनी घास खाली ठेवला. "तुनी?"

"माझी."

"चिठ्ठी कोणाची?"

"उपप्राचार्यांची."

"हात?"

"माझे."

अहिरे प्रमाण मराठीत, वर्गात एखाद्या मुलाला विचारावं तसं, म्हणाले, "मग पाणी कशाला दिलंस?"

मागून कुणीतरी सही घ्यायला आलं, थांबलं आणि परत गेलं. अहिऱ्यांनी ताट खुर्चीखाली सरकवलं, हात धुतले, पिशवी घेतली. भेट मिळालेली कोशाची प्रत खुर्चीवरच राहिली.

त्यांना रिक्षाने सीबीएसला सोडायला मी गेलो. स्टँडवर उतरताना त्यांनी विचारलं, "माझा कांदा खायचा का तो?"

मी म्हटलं, "नाही. आम्हाला वाटून टाकायचे. स्वतः बाजारातून विकत घ्यायचे."

"एकदाही नाही खाल्ला?"

"एकदाही नाही."

सटाण्याची गाडी लागली होती. ते चढले, खिडकीपाशी बसले. गाडी सुटेपर्यंत मी उभा होतो. त्यांनी खाली पाहिलं नाही.

त्या मे महिन्यात पोतं आलं नाही. इमारतीत चौकशी झाली. जोशी म्हणाले, भाव वाढलेत, कोण फुकट पाठवतो. दुसऱ्या मेमध्येही आलं नाही. सर टेम्पोचा आवाज आला की गॅलरीत येऊन उभे राहत आणि टेम्पो पुढे गेला की आत जात. शोकसभेला अहिरे नव्हते. निरोप मी स्वतः फोनवर मोठ्याने दिला होता; त्यांनी ऐकून घेतला आणि फोन ठेवला.

सरांना मी शेवटचं नीट पाहिलं, ते त्याआधी महिनाभर, गावातल्या एका वाचनालयात. टेबलापाशी ते कोश उघडून बसले होते आणि पेन्सिलने त्यात लिहीत होते. छत्री-थर्मास कुठे दिसत नव्हते. टेबलामागची ग्रंथपाल मुलगी त्यांना सांगत होती, "आजोबा, पुस्तकात लिहायचं नसतं."

"माझंच पुस्तक आहे, बाळ."

"तुमचं असलं तरी आता वाचनालयाचं आहे."

हे त्यांना पटलं. त्यांनी मान डोलावली, आणि लिहीत राहिले. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि ती शिक्के मारायला वळली. मला नंतर कळलं, की सर त्या वर्षभर गावातल्या एकेका वाचनालयात, कॉलेजात, ओळखीच्यांच्या घरी जाऊन हेच करत होते. माझ्या प्रतीतही केलं होतं. मी कधी उघडलीच नव्हती. 'एक्सप्लोदेरे' या शब्दाखाली, कोऱ्या जागेत, बारीक अक्षरात: 'साळव्याने पहिली टाळी वाजवली, आणि अहिरे चौदा नावं वाचून खाली उतरले.' कंसात कॉलेजचा मांडव, स्नेहसंमेलन. वाक्य कुणी बोललं, ते लिहिण्याच्या जागी 'मी'.

लिहून झाल्यावर त्यांनी पानावर फुंकर मारली, पुस्तक मिटलं आणि दोन्ही हातांनी त्या मुलीपुढे धरलं.

"सटाण्याला एक वाचनालय आहे, ते मला माहीत आहे," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "नामपूरला आहे का हो एखादं?"